सावकारी पाश (मूकपट)

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२५ मधील मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), कथा नारायण हरी आपटे यांची. भूमिका : झुंझारराव पवार (सावकार), व्ही. शांताराम (तरुण शेतकरी), कमलादेवी इत्यादी.

मराठी पडद्यावर तोवर पुराणकथा आणि शिवकाल यांचाच अंमल होता. खुद्द पेंटरांचे ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सिंहगड’ (१९२३) त्याच परंपरेतले. ‘सावकारी पाश’मध्ये मात्र गुन्हा घडतो तो कागदावर. सावकार खोट्या दस्तऐवजाच्या आधारे शेतकऱ्याची जमीन लुबाडतो. घर जिच्यावर चालायचे ती जमीनच गेल्यावर शेतकरी शहर गाठतो आणि गिरणी कामगार होतो. भारतीय वास्तववादी चित्रपटाच्या आरंभीच्या कृतींत याची गणना होते, आणि ती रास्त आहे.

पेंटर मुळात चित्रकार होते, आणि छायाप्रकाशाची ती जाण येथे विषयाच्या कामी आली. मंद उजेडातली उदासवाणी झोपडी आणि तिथे विव्हळणारे कुत्रे, हे याच कथेच्या पुढील बोलपट आवृत्तीतले दृश्य दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात अनेक वर्षे घर करून होते. दिग्दर्शकाची ताकद याहून वेगळी सांगायला नको.

कथेतले दुःख गावोगावचे होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. तो ब्रिटिश मुलखापुरता होता. हा मूकपट निघाला तेव्हा मराठवाड्यातील उदगीर हैदराबाद संस्थानाच्या बीदर जिल्ह्यात होते, त्यामुळे तिथल्या कर्जदार कुळाला या कायद्याचा आधार नव्हता. मराठवाड्याच्या वाचकाने ही कथा पश्चिम महाराष्ट्राची म्हणून बाजूला ठेवू नये, ते यासाठी.

पौराणिक-ऐतिहासिक चित्रांना सरावलेल्या प्रेक्षकांना एवढे रोखठोक वास्तव पेलले नाही. चित्रपट फारसा चालला नाही. शांताराम १९२९ मध्ये कंपनीतून बाहेर पडून ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या संस्थापकांपैकी एक झाले. सामाजिक विषयाची त्यांची ओढ पुढे ‘कुंकू’मध्ये (१९३७) दिसते, त्याचीही कथा आपट्यांचीच. पेंटरांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला. १९२५ च्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.