नाणे कोणाचे, तोटा कोणाचा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर मांडलेल्या पैशांकडे वाचकांनी कधी निरखून पाहिले आहे काय? मावळातल्या जुन्या घरांतून अजूनही चांदीच्या रुपयाशेजारी एखादी तांब्याची शिवराई ठेवलेली आढळते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. अक्षरे झिजून गेलेली, कडा वेड्यावाकड्या. हळदकुंकू वाहून झाले की घरातले एखादे पोर हमखास विचारते, “आजोबा, हे आता चालते का?” आणि आजोबा हसून म्हणतात, “बाजारात नाही रे, पण देव्हाऱ्यात चालते.”

हा ‘चालणे’ शब्द मोठा मार्मिक आहे. नाण्याला पाय नसतात. समोरच्याने हात पुढे केला तरच ते चालते. त्याने हात आखडता घेतला की सोन्याचे असले तरी जागच्या जागी थांबते. याचा अनुभव मला राजगड उतरून भोरला आलो त्या दिवशी आला. एका दुकानदाराने माझी दहा रुपयांची नाणी परत केली. “बँकवाले घेत नाहीत हो,” असे तो अजिजीने म्हणाला. त्याने नाण्यांची पिशवी नेली होती आणि खिडकीवरून ती तशीच परत आली होती. वास्तविक नाणे अधिनियम २०११ प्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास वैध आहेत. दहा रुपयांची चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केले, आणि नाणी नाकारू नका असे बँकांनाही वेळोवेळी बजावले. परंतु कायदा पुस्तकात आणि पिशवी दुकानदाराच्या खांद्यावर! तिचे ओझे त्याने वाहिले आणि शेवटी माझ्या माथी मारले.

एस.टी.ची वाट पाहत बसलो असता मनात आले, की देण्याघेण्याचा हाच वाद साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मुलखाच्या राजापुढे आला होता. आणि त्याने दिलेला निवाडा आजही ऐकण्याजोगा आहे.

त्या वादाचे मूळ भोरच्या मातीशी येऊन भिडते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला इंग्रज अधिकारी हेन्‍री रेव्हिंग्टन उखळी तोफ व दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीस गेला. व्यापाऱ्याने व्यापार करावा. यांनी आपले निशाण लावून गडावर गोळे टाकले. त्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलैतल्या एका पावसाळी रात्री निसटले, आणि त्यांची वाट राखताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पडले. बाजीप्रभू भोरजवळच्या शिंद गावचे. त्यांच्याबरोबर लढलेले बांदल हे रोहिड्याखालच्या हिरडस मावळाचे देशमुख. त्या रात्री हिरडस मावळात किती घरांचे दिवे मालवले, त्याचा हिशेब कोणत्याही वखारीच्या वहीत नाही.

पुढच्याच वर्षी, १६६१ च्या मार्चमध्ये, महाराजांनी राजापूर घेतले, इंग्रजांची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. ते सुटले १६६३ साली. सुटले आणि लगेच त्यांनी वही उघडली! वखारीतला माल गेला, त्याची भरपाई द्या. ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १६७२ मध्ये त्यांचा वकील उस्टिक येऊन गेला, १६७३ मध्ये निकल्स आला, आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने हेन्‍री ऑक्झेंडन रायगडास आला. त्याच्याजवळ नजराणा होता आणि वीस कलमांचा मसुदाही होता. दुभाष्या म्हणून नारायण शेणवी होता; महाराजांच्या बाजूने बोलणी निराजीपंत चालवीत होते.

भरपाईचा आकडा ठरला दहा हजार होन. आता द्यावयाचे कसे? इंग्रजांची नजर रोकडीवर. पण राज्याभिषेकाचा खर्च समोर उभा असताना मोहरा मोजून देणे कोणत्या राजाला परवडते? तेव्हा तोड निघाली ती अशी. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल महाराजांकडून घ्यावा. त्याची अर्धी किंमत रोख द्यावी आणि अर्धी भरपाईत वळती करून घ्यावी. अशा रीतीने साडेसात हजार फिटले. उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीत माफ व्हावयाचे. म्हणजे कर्ज फेडावयाचे ते नारळ-सुपारीसारख्या कोकणी मालाने आणि न घेतलेल्या जकातीने! सोन्याचा एक तुकडा हलला नाही. उलट इंग्रजांच्याच हातून साडेसात हजारांची रोकड तिजोरीत यावयाची आणि कोकणच्या मालाला तीन वर्षांचे गिऱ्हाईक मिळावयाचे. अर्थात ठरले ते सारे वेळच्या वेळी पार पडले असे नव्हे. वसुली पुढे रेंगाळत राहिली आणि इंग्रजांची कुरकुरही चालू राहिली. पण तत्त्व मान्य झाले होते, की देणे म्हणजे केवळ नाणे नव्हे.

मसुद्यातले दुसरे एक कलम याहून महत्त्वाचे होते. मुंबईच्या इंग्रजांनी जेराल्ड आँजियरच्या अमदानीत, १६७२ च्या सुमारास, टांकसाळ सुरू केली होती. त्यांच्या राजाचा परवाना तिला मिळाला तो १६७६ साली. या नव्या टांकसाळीचे नाणे महाराजांच्या राज्यात सर्वत्र चालावे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता मागणी किती साधी! परंतु महाराजांनी ते कलम अनावश्यक ठरविले. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की ज्यात प्रजेला तोटा येईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही आमच्या प्रजेवर करीत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतके कसदार आणि वजनदार असेल, तर ते चालण्यास आमची मनाई नाही.

वाचकहो, हे उत्तर दोनदा वाचण्यासारखे आहे. त्यात परक्याचा द्वेष नाही की राजेपणाचा ताठा नाही. ‘तुमचे नाणे नको’ असे महाराज म्हणत नाहीत आणि ‘घ्याच’ असेही रयतेला सांगत नाहीत. प्रश्न एवढाच विचारतात, की यात तोटा कोणाच्या पदरी पडतो? इंग्रजांना हवा होता राजाचा हुकूम. महाराजांनी त्यांना दाखविला तो सराफाचा काटा.

आणि हा काटा त्यांच्या स्वतःच्या खजिन्यालाही लागू होता. सभासदाने आपल्या बखरीत खजिन्यातल्या नाण्यांची यादी दिली आहे. तीत पातशाही होन आहेत, पुतळ्या आहेत, विजयनगरच्या राजांची आठवण सांगणारे देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई असे होनही आहेत. शत्रूचे नाणे म्हणून ते कोणी फेकून दिले नाही. सोने खरे, तर नाव कोणाचे का असेना! वेल्ह्याच्या तोरण्यावर सापडलेल्या धनातून समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून राजगड उभा राहिला, असे परंपरा सांगते. ते धन कोणी पुरले, त्यावर कोणाचा शिक्का होता, हे कोणी विचारीत बसले नाही. त्यातून सुमारे पंचवीस वर्षांची राजधानी उभी राहिली.

रयतेच्या बाबतीत तर महाराजांनी याहून एक पाऊल पुढे टाकले होते. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला त्यांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. शेतकऱ्याकडून सरकारचा वाटा जिनसांच्या रूपातच घ्यावा, रोख पैशासाठी त्याला पेचात धरू नये, आलेला माल नीट साठवून योग्य वेळी चांगल्या भावाने विकावा, असा त्याचा रोख आहे. यातले मर्म शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला लगेच कळेल. सुगीच्या दिवसांत सगळ्यांचेच धान्य बाजारात येते आणि भाव पडतो. त्याच वेळी सरकारने ‘रोखच हवे’ म्हटले, तर कुणब्याने पडेल त्या भावाने विकावे किंवा सावकाराचा उंबरा झिजवावा, याखेरीज गती नाही. माल साठवून भावाची वाट पाहण्याची ऐपत सरकारला असते, कुणब्याला नसते. म्हणून वाट पाहण्याचे ओझे ज्याच्याजवळ कोठार आहे त्याने उचलावे, असा हा न्याय आहे.

इंग्रजांची तऱ्हा उलटी. वखारीच्या मालाचा त्यांना दहा हजार होन मोबदला हवा होता, पण पन्हाळ्यावर टाकलेल्या गोळ्यांची नोंद ते कोणत्या खात्यात करणार होते? महाराजांनी ती बाब तहाआड येऊ दिली नाही, मोठ्या मनाने देणे कबूल केले; परंतु प्रजेच्या गळ्यात कमकस नाणे बांधण्यास मात्र ते कबूल झाले नाहीत. दहा हजार होनांचा प्रश्न राजाच्या तिजोरीचा होता. नाण्याचा प्रश्न रयतेच्या कनवटीचा होता. पहिल्यात सवलत देता येते, दुसऱ्यात नाही.

१९४८ साली भोर संस्थान विलीन झाले. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नावे बदलतात, शिक्के बदलतात. इंग्रजी अमलात शिवराईसुद्धा बराच काळ बाजारात फिरत राहिली आणि मग हळूहळू देव्हाऱ्यात जाऊन बसली. पण पिशवी घेऊन खिडकीशी उभा असलेला माणूस तोच आहे. त्याला नियम दाखवून परत पाठविणे सोपे असते. नियम त्याच्या बाजूचा असतानाही परत पाठविणे त्याहून सोपे असते, कारण मोजण्याचा त्रास वाचतो.

असो. परवा लक्ष्मीपूजनाला त्या दुकानदाराने परत केलेली नाणी मी शिवराईशेजारी मांडली. नातवाने नेहमीप्रमाणे विचारले, “आजोबा, ही चालतात का?”

मी म्हटले, “चालतात. घेणाऱ्याला मोजण्याचा कंटाळा नसला, म्हणजे चालतात.”