तो स्फिंक्स की ती स्फिंक्स?

मराठीत 'तो स्फिंक्स' म्हणायचं की 'ती स्फिंक्स'? प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण त्यामागे दोन संस्कृतींची सरमिसळ आहे.

इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ बसलेला आहे 'तो'. सिंहाचं धड आणि राजाचं डोकं. जागेवरचाच चुनखडक कोरून काढलेली ही मूर्ती सुमारे 73 मीटर लांब आणि 20 मीटर उंच आहे. बहुतेक अभ्यासक ती खाफ्रे राजाच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. 2500 च्या आसपासची मानतात. स्फिंक्स हे तिथे राजसत्तेचं रूप. पुढे हातशेपसुत ही स्त्री गादीवर आली, तेव्हा तिनेही स्वतःचे स्फिंक्स घडवून घेतले, तेही राजाची दाढी लावून!

ग्रीकांकडे मात्र आहे 'ती'. बाईचं डोकं, सिंहिणीचं अंग, पाठीला पंख. ग्रीसमधल्या थीब्ज नगराजवळ ती वाटसरूंना कोडं घालते आणि उत्तर चुकलं की जीव घेते. आधी चार, मग दोन आणि शेवटी तीन पायांवर चालतो तो कोण? इडिपस उत्तर देतो, माणूस. रांगणारं मूल, धडधाकट गडी, काठी टेकणारा म्हातारा.

'स्फिंक्स' हा शब्द ग्रीक. तो गिझाच्या मूर्तीला चिकटला आणि नावाबरोबर कोड्याचं गूढही तिच्या माथी आलं. खरं तर गिझाच्या स्फिंक्सने कुणालाही कोडं घातलेलं नाही.

त्याच्या नावाने बोलले ते इतरच. मूर्तीच्या पुढच्या पंजांमध्ये ग्रॅनाइटचा एक शिलालेख उभा आहे, चौथ्या थुटमोसचा, इ.स.पू. 1400 च्या सुमाराचा. तो सांगतो की राजपुत्र असताना थुटमोस भर दुपारी या मूर्तीच्या सावलीत झोपला. देव स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या अंगावरची वाळू काढ, तुला राज्य देतो. इथे देवाचं नाव होरेमाखेत, म्हणजे क्षितिजावरचा होरस. गादीवर येताच राजाने हा लेख कोरवला. आपला हक्क देवानेच दिला, हे लोकांना सांगायची गरज त्याला का वाटली असेल, याचा विचार करा.

आता नाकाकडे येऊ. नेपोलियनच्या तोफांनी ते उडवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला 1798 मध्ये. फ्रेडरिक नॉर्डन या डॅनिश प्रवाशाने 1737 मध्ये काढलेल्या चित्रात स्फिंक्सला नाक नाही. एवढ्या एका चित्राने नेपोलियन या आरोपातून सुटतो.

मग नाक तोडलं कुणी? अल-मक्रीझी हा पंधराव्या शतकातला कैरोचा इतिहासकार साइम अल-दहर नावाच्या सूफी साधूचं नाव घेतो. घटना 1378 च्या सुमाराची. आसपासचे शेतकरी चांगल्या पिकासाठी या मूर्तीला नैवेद्य दाखवत, ते त्याला खपलं नाही, असं सांगतात. नाकाच्या जागी छिन्नीसारखी हत्यारं ठोकल्याच्या खुणा आहेत, म्हणजे घाव माणसाचाच. पण साधूचं नाव मात्र काही दशकांनंतरच्या लेखनातून येतं. त्याचं वजन नॉर्डनच्या चित्राइतकं नाही. म्हणून 'नेपोलियनने नाक तोडलं नाही' हे ठामपणे म्हणावं आणि 'साधूने तोडलं' हे 'अल-मक्रीझीच्या म्हणण्यानुसार' असं जोडूनच सांगावं.

दोष देताना हा फरक पाळणं गरजेचं आहे. तुटलेल्या मूर्ती आपल्याकडेही गावोगावी आहेत, आणि 'कुणी तोडली' याचं उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं. पुढच्या वेळी ते उत्तर ऐकाल, तेव्हा एवढंच विचारा: हे कुणी लिहिलं, आणि घटनेनंतर किती वर्षांनी?