चार टन जादा माल

११ जुलै १९७८. स्पेनमधला लॉस अल्फाकेस हा समुद्रकाठचा कॅम्प. सुट्टीचे दिवस, दुपारची अडीचची वेळ. बाजूच्या रस्त्याने तारागोनाहून भरून आलेला प्रोपिलीन वायूचा टँकर तिथेच फुटला. दोनशेहून जास्त माणसं गेली.

कारणं अगदी साधी. टाकीची मर्यादा साधारण १९ टनांची, भरलेला माल २३ टनांच्या वर. द्रवरूप वायू उन्हात फुगतो, म्हणून टाकीत थोडी जागा रिकामी सोडावीच लागते. ती सोडली नव्हती. दाब वाढला तर वायू बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही टाकीला नव्हता. टोलचा महामार्ग असताना गाडी किनाऱ्यालगतच्या जुन्या रस्त्याने चालली होती. त्यानंतर स्पेनने अशा गाड्या वस्तीतून नेण्यावर बंधनं घातली. आधी माणसं गेली, मग नियम आला.

आपल्याकडे नियम आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टँकरवर माहितीची पाटी आणि ड्रायव्हरला खास प्रशिक्षण सक्तीचं आहे. तरी डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ एलपीजीच्या टँकरला ट्रक धडकला, गॅस पसरला आणि आसपासच्या गाड्या पेटल्या.

धाब्यापाशी, वस्तीला खेटून असे टँकर आपल्याकडेही उभे असतात. पाटीवरचा चार आकडी नंबर वाचायला शिका. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. टँकर उलटला तर व्हिडिओ काढायला किंवा कॅन भरायला धावू नका. लांब व्हा, ११२ ला फोन करा आणि तो नंबर सांगा.

आणि एक प्रश्न विचारत राहा: या गाड्यांचं वजन, व्हॉल्व्ह शेवटचं कुणी तपासलं?