दाभोळची मंजुरी : कोणाला विचारले, कोणाला नाही

नाव दाभोळचे, पण प्रकल्प दाभोळला नाही. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर, दापोली तालुक्यात, दाभोळ हे जुने बंदर आहे. आदिलशाहीच्या काळात अरबस्तान-इराणकडे जाणारी गलबते इथून सुटत. खाडी ओलांडून दक्षिण काठावर आलो की गुहागर तालुका लागतो. तिथे वेलदूर, अंजनवेल, रानवी ही गावे आणि गोपाळगडाचा किल्ला. ज्या वीज प्रकल्पाने महाराष्ट्राचे राजकारण दहा वर्षे ढवळून काढले, तो या दक्षिण काठावर उभा आहे. कंपनीने नाव घेतले समोरच्या काठाचे आणि जमीन घेतली या काठाची.

एन्रॉन म्हटले की आपल्याला आठवतो तो वीजखरेदी करार, डॉलरमधला दर आणि मंत्रालयातली भांडणे. त्यावर खूप लिहिले गेले आहे. आज मला एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली म्हणजे नेमके काय झाले? कोणी कोणाला काय विचारले? आणि ज्यांच्या दारात तो उभा राहिला, त्यांना कोणत्या टप्प्यावर विचारले?

आधी पार्श्वभूमी. १९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली होती आणि वीज मंडळांकडे नवी केंद्रे उभारायला पैसा नव्हता. त्या वर्षी केंद्र सरकारने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देऊ केली. १९९२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचे पथक महाराष्ट्रात आले आणि काही दिवसांतच, २० जून १९९२ रोजी, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा मागवल्या गेल्या नाहीत. पुढे स्थापन झालेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा वाटा प्रत्येकी १० टक्के होता.

प्रकल्प नैसर्गिक वायूवर चालणार होता. वायूवर वीज करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. मुंबई हायमधून नळाने येणाऱ्या वायूवर उरणचे केंद्र १९८२ पासून चालू होते. वायूच्या केंद्रात राखेचे डोंगर होत नाहीत आणि कोळशाच्या मानाने कर्बवायू जवळपास निम्मा निघतो. वायू जाळून एक जनित्र फिरते आणि त्याच धुराच्या उष्णतेवर वाफ करून दुसरे फिरते. त्यामुळे इंधनाचा कस चांगला निघतो. हे सारे गुण खरेच आहेत. पण गुहागरला वायूचा नळ नव्हता. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचे द्रव करायचे, जहाजात भरून आखातातून आणायचे आणि किनाऱ्यावर पुन्हा वायू करायचा, अशी योजना होती. त्यासाठी जेट्टी हवी, पावसाळ्यातल्या लाटा थोपवणारी भिंत हवी, प्रचंड टाक्या हव्यात. ही सोय होईपर्यंत पहिला टप्पा दुसऱ्या द्रव इंधनावर चालायचा होता आणि प्रत्यक्षात तो नाफ्त्यावर चालला. म्हणजे गावाने 'गॅसचा प्रकल्प' म्हणून ऐकलेले केंद्र सुरुवातीला गॅसवर नव्हतेच.

आता मंजुऱ्यांकडे येऊ. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात २९ वे कलम होते. मोठी योजना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे नेण्याआधी ती राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापायची आणि हरकतींसाठी किमान दोन महिने द्यायचे, असे ते कलम सांगत होते. ऐकायला हे चांगले वाटते. पण आलेल्या हरकती विचारात घेण्याचे काम आधी कोणी करायचे? ज्याने योजना मांडली त्यानेच! समोरासमोर बसून प्रश्न विचारण्याची, त्याचे उत्तर तिथेच घेण्याची तरतूद त्यात नव्हती. होडी घेऊन पहाटे निघणाऱ्या मच्छिमाराने राजपत्र कुठे आणि कधी वाचायचे, हा प्रश्न कायद्याला पडलेला नव्हता.

पैशाच्या बाजूने मात्र कसून विचारणा झाली होती. १९९३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. आयात द्रववायूवर चोवीस तास चालणारे एवढे मोठे केंद्र राज्याला परवडणारे नाही, त्यामुळे कोळशावरची स्वस्त वीज बाजूला पडेल, असे बँकेचे मत होते. तरीही १९९३ च्या नोव्हेंबरात प्राधिकरणाची तात्पुरती मंजुरी आली आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा वीजखरेदी करार झाला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, हे त्या कराराचे मर्म होते. पुढे केंद्र सरकारने प्रतिहमीही दिली. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतल्या अभ्यासकांनी १९९५ सालीच या कराराची आकडेमोड लोकांसमोर ठेवली होती. त्याच वर्षी कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले, की भारतात हा प्रकल्प समजावून देण्याच्या आणि त्याची पूर्वतयारी करण्याच्या कामावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. त्यावरून आपल्याकडे गदारोळ झाला. समजावून देणे आणि विचारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा मुद्दा त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन हा प्रचाराचा मोठा विषय होता. युतीचे सरकार आले. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने प्रकल्पाची छाननी केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्द झाल्याची घोषणा झाली. काही महिन्यांतच पुन्हा वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९९६ च्या जानेवारीत प्रकल्प परत आला. आधी २०१५ मेगावॉटचा होता, तो आता २१८४ मेगावॉटचा झाला. पहिल्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता, तो बंधनकारक झाला. या उलटसुलट निर्णयांविरुद्ध लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९९६ च्या डिसेंबरात न्यायालयाने याचिका फेटाळल्या, पण राज्य सरकारने स्वतःच मांडलेले आरोप कसे गिळले, यावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली.

आता गुहागरात काय चालले होते ते पाहू. जमीन सरकारने संपादन करून कंपनीला दिली. कातळावरची का होईना, पण त्या जमिनीवर आंबा, काजू, नाचणी, गुरांचे चरणे यांवर घरे चालत होती. सातबारावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो. कुळाचे, गुराख्याचे, खाडीत जाळे टाकणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. म्हणून मासेमारीचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचे, ते कोणालाच सांगता येत नव्हते. जहाजांचा मार्ग, जेट्टी, केंद्रातून सोडले जाणारे पाणी आणि खाडीच्या तोंडाशी येणारी मासळी यांचे नाते काय राहील, हा वेलदूरच्या मच्छिमारांचा प्रश्न साधा आणि रास्त होता. त्याच वेळी बांधकामावर हजारो माणसे लागली होती. ट्रक, खानावळी, भाड्याच्या खोल्या, कंत्राटे आली. गावागावांत दोन पक्ष पडले. काही घरांत एक भाऊ मोर्चात आणि एक भाऊ साइटवर असे होते. ज्याने काम धरले त्यालाही दोष देता येत नाही. तालुक्यात दुसरे काम होते कुठे? त्याच्या बापाने पोटासाठी मुंबई गाठली होती.

१९९७ साल सर्वांत कठीण गेले. जानेवारीपासून मोर्चे निघू लागले. मृणाल गोरे, मेधा पाटकर, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील अशी माणसे आंदोलनाच्या पाठीशी उभी राहिली. अटका झाल्या. पोलीस कायद्याखाली जमावबंदीचे हुकूम निघाले. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छिमार वस्तीत पोलीस शिरले आणि बायकांना घरातून ओढून काढून मारहाण झाली, अशी नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात केली आहे. पुरुष मासेमारीसाठी समुद्रावर गेलेले होते.

याच वर्षातली दुसरी एक तारीख शेजारी ठेवून पाहा. १० एप्रिल १९९७. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घेणे सक्तीचे केले. देशाच्या कायद्याने पहिल्यांदा कबूल केले, की प्रकल्पाच्या जागी राहणाऱ्या माणसाला समोर बसवून ऐकले पाहिजे. दाभोळच्या मंजुऱ्या त्याआधीच झालेल्या असल्याने हा नियम तिथे लागू झाला नाही. दिल्लीत गावकऱ्यांना बोलायला मंडप घालून देणारा कागद निघत होता आणि त्याच दिवसांत गुहागर तालुक्यात चार माणसांना एकत्र उभे राहायची चोरी होती. हे दोन्ही एकाच राज्ययंत्रणेचे हात होते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. रुपया घसरला, नाफ्ता महागला. मंडळ कमी वीज घेऊ लागले, पण स्थिर आकार तेवढाच राहिला. त्यामुळे प्रत्येक युनिटवरचा बोजा वाढत गेला. २००० साली काही महिन्यांत युनिटचा भाव सात रुपयांच्या वर गेला. माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ च्या एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात मंजुऱ्यांच्या एकूण प्रक्रियेतल्या त्रुटींवर बोट ठेवले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस केंद्र बंद पडले. २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे राज्यात भारनियमनाने खेड्यांतले दिवे तासन्‌तास जात होते तेव्हा अंजनवेलची यंत्रे गंजू नयेत म्हणून तेल लावून ठेवलेली होती. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले, खोल्या बांधल्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. २००६ मध्ये केंद्र पुन्हा फिरू लागले आणि २००७ पासून पाइपलाइनने वायू आला. द्रववायूचे बंदर २०१३ मध्ये सुरू झाले, पण लाटा थोपवणारी भिंत अपुरी असल्याने पावसाळ्यात जहाजे लागत नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस देशी वायू आटल्याने केंद्र पुन्हा थांबले. २०१५ पासून रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातला काही भाग चालवला गेला. इंधन कुठून येणार, किती दराने येणार आणि ते आले नाही तर काय, हा प्रश्न १९९३ साली जागतिक बँकेच्या पत्रात होता. वीस वर्षांनी तो तसाच उभा होता.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. दाभोळला दोन प्रकारचे प्रश्न होते. दराचा प्रश्न मुंबई-दिल्लीत विचारला गेला आणि जागेचा प्रश्न गुहागरात. पहिला विचारणाऱ्यांना तज्ज्ञ म्हटले, दुसरा विचारणाऱ्यांना प्रकल्पविरोधी म्हणून पोलीस ठाण्यात नेले. वास्तविक हे प्रश्न एकच होते. प्रकल्प परवडणारा नसेल तर तो बंद पडणार. बंद पडला तर जमीन गेली ती गेलीच, आणि कामही जाणार. खुल्या मंडपात दोन्ही बाजू एकत्र ऐकल्या असत्या, तर एन्रॉन आले नसते असे मी म्हणत नाही. पण सही करणाऱ्याला थांबून उत्तर तरी द्यावे लागले असते.

त्यानंतर कायदे बदलले. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दरावर जाहीर सुनावणी होऊ लागली. २००३ च्या वीज कायद्याने औष्णिक केंद्रांसाठी प्राधिकरणाची मंजुरीच काढून टाकली आणि त्याबरोबर २९ व्या कलमाची ती नोटीसही गेली. २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीची रीत बांधून दिली. किमान तीस दिवसांची सूचना, अहवालाचा मराठीत सारांश, तो ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळणे, जिल्हाधिकाऱ्यांचे किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या त्यांच्या प्रतिनिधीचे अध्यक्षपद आणि सगळ्याचे चित्रीकरण, हे त्यात आले. तरीही दर एका मंडपात आणि जागा दुसऱ्या मंडपात, ही फारकत राहिलीच.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या तालुक्याच्या वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत जनसुनावणीची जाहिरात दिसली, तर पान उलटू नका. तारीख वहीत टिपून ठेवा आणि ग्रामपंचायतीत जाऊन सारांश मागा. मासळीचे आणि विहिरीच्या पाण्याचे तर विचाराच, पण इंधन कुठून येणार, वीज कोण घेणार आणि बंद पडले तर काय, हेही विचारा. हे प्रश्न कागदावर चढले की कोणालाही उत्तर टाळणे अवघड जाते. वेलदूरच्या माणसांना तो कागद मिळाला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)