कसबे कागल येथील गुळांबा

कोल्हापूरहून आग्नेयेस निघालेली बंगळूरकडची सडक दूधगंगेच्या खोऱ्याकडे उतरू लागते, तेथे कागलचा कसबा वसलेला आहे. आदिलशाहीत उदयास आलेल्या आणि ‘सर्जेराव’ हा किताब धारण करणाऱ्या घाटगे घराण्याची ही जहागीर. आणि याच घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी करवीरच्या (कोल्हापूरच्या) गादीवर दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु गावाचा इतिहास केवळ सनदांत, वाड्यांत आणि वंशावळींत सामावत नाही. तो स्वयंपाकघरातही असतो. शीत प्रदेशांतील गृहिणींनी सफरचंदे शिजवून, घोटून, हिवाळ्याच्या महिन्यांसाठी कुटुंबाची जी तरतूद केली, तीच तरतूद आमच्या बाजूच्या गृहिणींनी कैरी आणि गूळ यांपासून केलेल्या गुळांब्याने पावसाळ्यासाठी केली. आणि या गुळांब्याचा इतिहास या भूमीच्या शेतीशी, पाण्याशी व बाजारपेठेशी अभिन्न आहे.

गूळ उसाचा, आणि ऊस हे बागायती पीक. विहिरीवर मोट चालवून वर्षभर पाणी पुरवावे, बैल सांभाळावेत, सरकारसारा भरावा आणि एवढे करून गूळ विकला जाईपर्यंत सावकाराच्या तगाद्याला तोंड द्यावे, असा त्याचा व्यवहार होता. सुगी आली म्हणजे शेतात गुऱ्हाळ उभे राही. चरकातून निघालेला रस काहिलीत पडे, वाळलेल्या चिपाडांवर चुलवाण धगधगे, रानभेंडीच्या चिकट रसाने मळी वर येई आणि ती काढून टाकल्यावर गूळ शिजवणारा गुळव्या पाकाच्या रंगावरून व बुडबुड्यांवरून काहील उतरवण्याचा क्षण ठरवी. त्या क्षणावर साऱ्या वर्षाच्या कष्टांचे मोल अवलंबून असल्यामुळे गुळव्याचा शब्द मालकालाही मान्य करावा लागे. गुऱ्हाळावर आलेल्यास, मग तो बलुतेदार असो की वाटसरू, रस, काकवी किंवा गुळाचा खडा दिल्यावाचून परत पाठवू नये, हा रिवाज कोणत्याही कायद्याने घातलेला नसूनही कायद्याहून निष्ठेने पाळला जाई.

दिवाळीनंतर पेटलेली ही गुऱ्हाळे उन्हाळ्याच्या तोंडाशी विझू लागत, आणि नेमक्या त्याच सुमारास बांधावरचे आंबे कैऱ्यांनी लगडत. घरात नवा गूळ आणि दारात आंबट कैरी, असा हा ऋतूंचा संयोग आहे. गुळांबा त्याचेच अपत्य होय. पाड न लागलेल्या, घट्ट गराच्या कैऱ्या सोलून किसाव्यात, कीस थोड्या साजूक तुपावर लवंगांसह परतून मऊ करावा, मग चिरलेला गूळ घालून मंद आचेवर पाक दाट होईतो ढवळत राहावे. कैरी किती आंबट आहे हे जिभेवर पाहून गुळाचे माप किसाच्या दीडपट किंवा दुप्पट ठरे. भांडे पितळेचे वा तांब्याचे असल्यास कल्हई ताजी हवी, एरवी आंबटाने पदार्थ कळकतो. गूळही पारखून घ्यावा लागे, कारण क्षारयुक्त जमिनीतल्या उसाचा खारट गूळ सगळी रुची बिघडवतो. थंड झालेला गुळांबा चिनी मातीच्या बरणीत भरून तिच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, आणि ओला चमचा आत जाऊ दिला नाही, म्हणजे भाजीपाला दुर्मीळ होणाऱ्या आषाढ-श्रावणात भाकरीला आधार होई, मुलांची भूक भागे आणि सासरी निघालेल्या लेकीच्या शिदोरीत माहेरची चव जाई. गुळाचे भरपूर प्रमाण पाण्याचा अंश बांधून ठेवते आणि त्यामुळे जंतूंची वाढ खुंटते, हे रसायनशास्त्र सांगते. स्वयंपाकघरात हे ज्ञान हाताच्या अनुभवातून आलेले होते.

पुढे बाजारपेठेचे स्वरूप पालटले. १८९१ साली मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास आली आणि १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी तेथे शाहूपुरी ही पेठ वसवून गुळाच्या व्यापारास राजाश्रय दिला, तेव्हा शेतकऱ्याच्या गुळाचा रवा (ढेप) दूरदूरच्या पेठांपर्यंत पोहोचू लागला. साखर मात्र महाग होती, म्हणून संपन्न घरांत साखरांबा आणि कुळवाड्याच्या घरी गुळांबा, असा भेद दिसे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापून निघाले आणि मराठी पाककृती ग्रंथबद्ध होऊ लागल्या. तरी शेतकरी घरांतली विद्या सासूकडून सुनेकडे हातानेच जात राहिली.

कालांतराने विक्रमसिंह घाटगे यांच्या पुढाकाराने कागलास श्री छत्रपती शाहू सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ऊस कारखान्याकडे वळला आणि शिवारांतली गुऱ्हाळे विरळ झाली. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आज हिमाचल आणि काश्मीरची सफरचंदेही महामार्गाने येथवर येतात, आणि त्यांचा मुरांबा करणाऱ्या घरांना कैरीचीच रीत उपयोगी पडते, कारण आंबटपणा आणि पाक दाट करणारा पेक्टिन हा अंश दोन्ही फळांत आहे.

मानांकन गुळाचे रक्षण करील, परंतु गुळाचे माप जिभेवर ठरवणाऱ्या गृहिणीचे ज्ञान त्याच्या कक्षेत येत नाही. जमाबंदीच्या रुमालांत ऊस किती बिघे होता याची नोंद राहते. त्या उसाने कुटुंबे कशी पोसली, हे वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात असते. म्हणून गावाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने दप्तरखान्याइतक्याच आदराने स्वयंपाकघरात जावे, तेथली मापे, पारख आणि रीती लिहून घ्याव्यात, आणि हे काम त्या स्त्रिया सांगण्यास समर्थ आहेत तोवरच करावे. श्रमाने पिकवलेले अन्न जपून सर्वांना पुरवणे हेही राज्यकारभाराइतकेच मोठे व्यवस्थापन आहे, आणि ते ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्यांचे स्थान इतिहासात असलेच पाहिजे.