ओट्याची उंची कुणी ठरवली?



आपल्यापैकी बहुतेकींच्या दिवसाचा मोठा भाग ओट्यासमोर जातो. सकाळच्या चहापासून सूर्यास्ताआधीच्या जेवणापर्यंत आपण तिथे उभ्या असतो. पण हा ओटा आपल्या घरात आला कुठून, बसून होणारा स्वयंपाक उभ्याने कधी होऊ लागला, आणि तोही भिंतीकडे तोंड करूनच का, हे शाळेत कुणी शिकवले नाही. इतिहासाच्या पुस्तकात राजवाडे असतात, किल्ले असतात, स्वयंपाकघर नसते. बी.कॉम.ला आम्हाला टेलरसाहेबांचे प्रकरण होते. कारखान्यात कामगाराची एकेक हालचाल घड्याळ लावून कशी मोजायची आणि त्यावरून यंत्रांची, हत्यारांची जागा कशी ठरवायची, हे त्यात होते. तेच शास्त्र पुढे स्वयंपाकघरात शिरले, हे मला फार उशिरा वाचनातून कळले. आज त्याविषयीच लिहिते.

आधी आपले जुने स्वयंपाकघर आठवा. सगळा कारभार जमिनीवर. चूल, तिच्या बाजूला वैल, भिंतीला मांडणी, पाण्याच्या घागरीवर दुपदरी गाळणे. भाजी विळीवर बसून चिरायची, वाटण पाट्यावर बसून करायचे, भाकरी परातीत बसूनच थापायची. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जाई, फुंकणी फुंकून छाती भरून येई, पातेली काळी होत ती वेगळीच. त्या धुराचे मी कौतुक करणार नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या फुप्फुसांत गेला. पण त्या खोलीत बाई सहसा एकटी नसे. एक जाऊ भाकरी थापी, दुसरी भाजी निवडी, सासूबाई दाराच्या उजेडात सूप घेऊन धान्य पाखडत बसत, आणि पोरे मधेमधे येऊन गूळ-शेंगदाणे पळवत. सगळ्या जमिनीवर, एकाच पातळीवर, एकमेकींची तोंडे दिसतील अशा बसलेल्या.

आता दूरच्या देशात जाऊ, कारण आपल्या आजच्या ओट्याची एक मुळी तिकडे आहे.

अमेरिकेत कॅथरीन बीचर नावाच्या विदुषी होत्या. त्यांनी १८६९ साली बहिणीबरोबर घरव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. बहीण म्हणजे हॅरिएट बीचर स्टो, गुलामगिरीविरुद्धच्या कादंबरीमुळे गाजलेल्या. कॅथरीनबाईंनी बोटीवरच्या आचाऱ्याचे उदाहरण दिले. तो शेकडो माणसांचा स्वयंपाक इवल्याशा जागेत करतो, कारण प्रत्येक वस्तू त्याच्यापासून एकदोन पावलांवर असते. मग घरच्या बाईनेच दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात का फिरावे?

पुढे १९१२ साली क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकात लेखमाला लिहिली. टेलरसाहेबांचा हिशेब त्यांनी घरकामाला लावला. एक पदार्थ करताना बाई कपाटाकडे किती वेळा जाते, शेगडीकडे किती वेळा, मोरीकडे किती वेळा, याच्या रेघा त्यांनी नकाशावर काढून दाखवल्या. वाईट मांडणीच्या स्वयंपाकघरात रेघांचे जाळे होई, चांगल्या मांडणीत त्या सरळ आणि थोड्या असत. आपले काम मोजण्याजोगे आहे, असे कुणीतरी मानले, हीच मला यातली मोठी गोष्ट वाटते. ज्याची मोजदाद होत नाही त्याची किंमतही धरली जात नाही, हे जमाखर्च शिकलेल्या बाईला वेगळे सांगायला नको.

या लेखनाचे जर्मन भाषांतर झाले आणि ते व्हिएन्नाच्या एका तरुण स्त्री-वास्तुविशारदाच्या हाती पडले. त्यांचे नाव मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. जन्म १८९७ चा. ऑस्ट्रियात वास्तुकला शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहरात अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली साध्या माणसांसाठी हजारो घरे बांधायचे काम १९२५ मध्ये सुरू झाले. १९२६ साली मार्गारेटेबाईंना तिथे बोलावून घेतले, आणि त्या घरांसाठी त्यांनी जे स्वयंपाकघर आखले ते फ्रँकफुर्ट किचन म्हणून जगभर ओळखले जाते. सुमारे १०,००० घरांत ते बसवले गेले. आजचे मॉड्युलर किचन त्याचीच नातवंडे समजा.

खोली साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे जवळपास ७० चौरस फूट. आगगाडीच्या डायनिंग कारमधले स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होते. एका टोकाला खिडकी, खिडकीखाली काम करायचे टेबल, टेबलापाशी फिरते स्टूल, म्हणजे भाजी चिरायला बसता यावे. चिरताना निघालेली साले सरकवायला तिथेच कप्पा. भांडी आपोआप निथळावीत अशी जाळी. भिंतीवरून खाली उतरणारी इस्त्रीची फळी. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे खणासारखे डबे, त्यांना ओतायला चोच आणि धरायला मूठ. बैठकीच्या खोलीकडे सरकते दार, त्यामुळे काम करता करता आईला मुलांवर लक्ष ठेवता येई. हे सगळे भाडेकरू राहायला येण्याआधीच बसवलेले असे आणि त्याचा खर्च थोडा थोडा करून भाड्यातून वसूल होई.

त्यातल्या दोन गोष्टी वाचून मला आपल्या घरांची आठवण झाली. पिठाचा खण ओक लाकडाचा केला होता, कारण त्या लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे पिठात अळ्या होत नाहीत असा अनुभव होता. आणि कपाटांना निळसर हिरवा रंग दिला, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असे तेव्हा मानत. आपण तुरीच्या डाळीला एरंडेल चोळतो, गव्हात कडुलिंबाचा पाला घालतो, तो याच विचाराने. जीव झाल्यावर मारायचे पाप नको, म्हणून तो होऊच नये अशी आधी व्यवस्था करायची. त्या बाईंचा आणि आपल्या धर्माचा काही संबंध नव्हता. त्यांना स्वच्छता हवी होती आणि आपल्याला अहिंसा, तरी दोघींचा उपाय सारखाच निघाला.

आता त्याच काळातली मुंबई पाहा. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड इथे बी.डी.डी. चाळी बांधल्या. कुटुंबाला एक खोली, १६० चौरस फुटांची. त्यातच झोपणे, अभ्यास, पाहुणे, आणि कोपऱ्यात मोरी व शेगडी. फ्रँकफुर्टच्या बाईला नुसता स्वयंपाक करायला जितकी जागा होती, तिच्या सव्वादोन पटीत इथे आख्खे कुटुंब. पाण्याचा हंडा आणि शेगडी यांच्यामध्ये फारच तर तीन पावले, म्हणून फ्रेडरिकबाईंच्या रेघा इथे काढायची गरजच नव्हती. पण तिथे एकीची फोडणी करपली तर चार खोल्यांपलीकडे कळे, आणि बाळंतिणीला शेजारून मेथीचे लाडू येत.

फ्रँकफुर्टमध्ये मात्र उलटे झाले. त्याआधी कामगारांच्या घरात स्वयंपाकाची खोली हीच ऊबदार, सगळ्यांनी बसायची खोली असे. नव्या घरात ती एका माणसापुरती झाली. दोघी उभ्या राहिल्या तर कोपर कोपराला लागे. मुलीने आईशेजारी बसून शिकावे, सासूने वाटाणे सोलत गप्पा माराव्यात, याला जागाच उरली नाही. १९७० नंतर युरोपातल्या स्त्री-चळवळीने यावर टीका केली. तुम्ही बाईची पावले वाचवलीत पण तिला एकटीला कोंडलेत, असा त्या टीकेचा रोख होता. मार्गारेटेबाईंचा हेतू तसा नव्हता. वाचलेल्या वेळात बाईने नोकरी करावी, वाचावे, विश्रांती घ्यावी, असे त्यांना वाटे. पण खोली एकदा बांधली की ती बांधणाऱ्याचा हेतू विचारत नाही, तिच्या भिंती जिथे असतील तसे माणसाला वागावे लागते.

आपल्याकडचा ओटा आला गॅसबरोबर. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस द्यायला सुरुवात केली. (१९७६ मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली, तीच पुढे भारत पेट्रोलियम झाली.) शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर असावी, असा सुरक्षिततेचा नियम आहे. सिलिंडर जमिनीवर, म्हणजे शेगडी वर, म्हणजे बाई उभी. शहरांत काही घरी ओटे आधीपासून होते, पण आपल्यासारख्या गावाकडच्या घरांत चूल गेली आणि ओटा बांधला तो गॅस आल्यावरच. धूर गेला, भांडी पांढरी राहिली, गुडघे सुटले. मग हळूहळू विळीच्या जागी सुरी आली आणि पाट्याच्या जागी मिक्सर.

आमच्या सासरी १९८३ मध्ये ओटा बांधला. गवंड्याने त्याला माहीत असलेली उंची धरली आणि सासूबाईंना कुणी काही विचारले नाही. त्या होत्या जेमतेम पावणेपाच फूट. ज्या पाटावर बसून त्यांनी तीस वर्षे भाकऱ्या थापल्या, तोच पाट ओट्यापुढे ठेवून त्यावर उभ्या राहून त्या पुढची वीस वर्षे स्वयंपाक करत होत्या. दोनदा त्यावरून घसरल्याही. घरात कुणालाच यात काही वावगे दिसले नाही, त्यांनाही नाही.

ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाच्या इंजिनिअर होत्या. बारा मुलांची आई, अकाली वैधव्य आलेले, आणि कारखान्यातल्या श्रमांचा अभ्यास हा व्यवसाय. १९२९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका गॅस कंपनीसाठी आदर्श स्वयंपाकघर मांडले. ओट्याची उंची सगळ्यांना एकच नसावी, ती वापरणाऱ्या बाईच्या उंचीवर ठरावी, असा त्यांचा आग्रह होता. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचेही श्रेय त्यांना दिले जाते.

हा सगळा इतिहास मी आज का सांगते? कारण सध्या आपल्या समाजात घरोघरी नवे किचन करायची लाट आहे. चार-पाच लाख सहज जातात. शटरचा रंग, ग्रॅनाइट, चिमणी यांवर आठवडे चर्चा होते, आणि जिथे हाताने काम करायचे तिथला उजेड कसा असेल हे कुणी विचारत नाही. कित्येक नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराची खिडकी ड्राय बाल्कनीत उघडते आणि दिवसाही ट्यूब लावावी लागते. आपल्याला हे चालणार नाही. शोधून स्वयंपाक करायचा तर धान्यातला सोंडा, भाजीतली अळी, पिठातली जाळी नैसर्गिक उजेडात दिसायला हवी. सूर्यास्ताआधी जेवण व्हायचे तर संध्याकाळच्या उन्हाचा अंदाज ओट्यावरून यायला हवा. चौका लावायचा झाला तर तीन-चार जणींना एकमेकींना न अडता वावरता यायला हवे. हे डिझायनरच्या पुस्तकात नसते, आपणच सांगायचे असते.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून द्या. पहिली, ओट्याची उंची. चप्पल घालून सरळ उभे राहा, हात कोपरात वाकवा, आणि कोपराच्या खाली चार ते सहा इंच ही तुमची उंची धरा. घरात सासू-सून दोघी स्वयंपाक करत असतील तर ओट्याचा एखादा भाग कमी उंचीचा ठेवा, कणीक मळायलाही तो बरा पडतो. दुसरी, खिडकीसमोर शेगडी न ठेवता निवडण्या-चिरण्याची जागा ठेवा. शेगडीला आपला उजेड असतो, आणि वाऱ्याने ज्योतही हलत नाही. तिसरी, पाणी गाळायची जागा नळाजवळ, गाळणे वाळत घालायच्या दांडीसकट. आणि चौथी, बसायची जागा. स्टूल असो, भिंतीला दुमडणारी फळी असो, नाहीतर सतरंजीपुरती मोकळी जमीन असो. ही जागा स्वयंपाक करणारीसाठी आहेच, पण तिच्याशी बोलायला येणारीसाठीही आहे. ती नसेल तर सून आत आणि सासू बाहेर टीव्हीसमोर, असेच दिवस जातात.

मार्गारेटेबाई पुढे हिटलरविरोधी लढ्यात सामील झाल्या, १९४१ मध्ये पकडल्या गेल्या आणि १९४५ पर्यंत तुरुंगात होत्या. २००० साली, १०३ वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना त्या गेल्या. त्यांचे एक स्वयंपाकघर आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. ते आखण्यापूर्वी आपण स्वतः कधी घर चालवले नव्हते, हे त्या मोकळेपणाने सांगत. तरीही त्यांनी बायकांच्या कामाचा अभ्यास केला, पावले मोजली, मग पेन्सिल उचलली. आपल्यापाशी तर चाळीस-चाळीस वर्षांचा अनुभव आहे. सुताराला माप देताना तो वापरू या, आणि घरातल्या सर्वांत बुटक्या बाईला आधी उभे करून बघू या.

जय जिनेंद्र.