शिफारसपत्र कोण देणार? छावणीतला एक फॉर्म आणि त्याआधीचे तीन प्रवासी

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. नोट आली छावणीतून, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या छावणीतून. मागे गुरुवारच्या बाजाराचा गलका ऐकू येतोय, कोणीतरी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ओरडतंय, आणि त्या गलक्यात एक मुलगी सांगतेय: "दादा, मला अमेरिकेतल्या एका बायबल कॉलेजात शिकायला जायचंय. फॉर्म भरून झालाय. इंग्रजीची परीक्षा दिलीय. सगळं अडलंय एका पत्रावर. आमची संस्था म्हणते, पाळकांचं शिफारसपत्र देतो, पण आधी लिहून दे की शिकून परत येशील आणि पाच वर्षं आम्ही सांगू तिथे काम करशील. सही करू का?"

सही कर किंवा नको करू, हे सांगणारा मी कोण? मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो, वकिली नाही. पण तिचा प्रश्न ऐकला आणि डोक्यात लगेच तीन-चार माणसं उभी राहिली. याच प्रश्नापाशी अडलेली. एक तर जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनिअरिंगच्या कॉलेजाला तुमचे मार्क हवे असतात. बायबल कॉलेजाला मार्कांबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात. एक, तुमची 'साक्ष', म्हणजे तुमच्या श्रद्धेचा प्रवास तुमच्याच शब्दांत. आणि दोन, तुमच्या चर्चच्या पाळकांचं पत्र. हे पत्र बहुतेक वेळा थेट कॉलेजला जातं, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला दिसत नाही. म्हणजे तुम्ही कितीही हुशार असा, तुमच्या बाजूने बोलणारं कोणीतरी लागतंच. आणि जो तुमच्या बाजूने बोलतो त्याला बदल्यात काहीतरी हवं असतं. नेहमी वाईटच असतं असं नाही. पण असतं.

आता मुंबईत जाऊ. साल १८३९. जॉन विल्सन नावाचे स्कॉटिश मिशनरी तिथे शाळा चालवतायत. होय, विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे तेच. त्यांच्या शाळेतला धनजीभाई नौरोजी हा सतरा वर्षांचा पारशी मुलगा बाप्तिस्मा घेतो आणि मुंबईत वादळ उठतं. नातेवाईक सुप्रीम कोर्टात जातात. कोर्ट म्हणतं, मुलाला कुठे राहायचं ते त्याला ठरवू द्या. तो विल्सनकडे राहतो. विल्सनच्या शाळेतून पारशी मुलं भराभर काढून घेतली जातात.

त्याच्या फॉर्मवर शिफारस कोणाची असणार हे आता वेगळं सांगायला नको. घर सुटलेलं, समाज सुटलेला, मागे एकच माणूस उभा. १८४३ च्या जानेवारीत विल्सन सुटीवर मायदेशी निघाले आणि धनजीभाईंना सोबत घेतलं. वाटेत इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाईन. बायबलमधली गावं बायबल कॉलेजात पाय ठेवायच्या आधीच बघून झाली.

पण गंमत बघा. हे दोघे प्रवासात असतानाच, मे १८४३ मध्ये, स्कॉटलंडचं चर्च फुटलं. चारशेहून जास्त पाळक सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. ज्या चर्चच्या भरवशावर मुंबई सोडली ते पोचेपर्यंत एक राहिलंच नव्हतं. विल्सन फ्री चर्चकडे गेले. धनजीभाईही गेले, दुसरीकडे जाणार तरी कुठे? एडिनबरोत फ्री चर्चने नवंकोरं न्यू कॉलेज उघडलं होतं, तिथे ते शिकले, १८४६ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, आणि ते परत आले. म्हणजे इथे सगळं सुरळीत झालं म्हणायचं. पण ज्याच्या पत्रावर तुम्ही जाता, त्याच्या भांडणात तुमचीही बाजू ठरून जाते, हे लक्षात ठेवा.

बरं, पत्र मिळालंच नाही तर?

त्यासाठी गोव्याला जावं लागेल, आणि बरंच मागे. मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. तिथे १५९४ च्या सुमारास मातेउश द कास्त्रो जन्मला. ब्राह्मणाचं ख्रिस्ती झालेलं घराणं. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपने नकार दिला. आता त्या काळात गोव्यात आर्चबिशप नाही म्हणाला की विषय संपला, कारण पूर्वेकडच्या चर्चचा सगळा कारभार पोर्तुगालच्या राजाच्या हक्कात होता. याला 'पाद्रोआदो' म्हणत. त्याच्यावर अपील करायला जागाच नव्हती.

कास्त्रोने काय केलं? तो सरळ रोमला निघाला. जहाजात बसून लिस्बनमार्गे गेला असता तर पुन्हा पोर्तुगीजांच्याच तावडीत. म्हणून इराणमार्गे, खुष्कीच्या वाटेने. १६२५ मध्ये तो रोमला पोचला. वेळ अशी अचूक की विचारू नका: पोपने नुकतीच, १६२२ मध्ये, 'प्रोपागांडा फिदे' नावाची कचेरी उघडली होती. जगभरातलं धर्मप्रसाराचं काम राजांच्या हातातून काढून स्वतःच्या हाती घ्यायचं, हा तिचा हेतू. त्या कचेरीला नेमका असाच माणूस हवा होता, आणि हा दारात उभा. त्याचं शिक्षण झालं, दीक्षा झाली, आणि १६३७ मध्ये तर तो बिशप झाला. आदिलशाही मुलखासाठी! रोमच्या कागदांत या मुलखाचं नाव 'इदलखान', म्हणजे आपला आदिलखान. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप.

परत आला तेव्हा गोव्याने त्याला बिशप मानलंच नाही. डिग्री आहे, सही-शिक्का आहे, खुद्द रोमचा आहे, आणि गावात किंमत शून्य. म्हणून तो बसला डिचोलीत, जी तेव्हा आदिलशाहीत होती. मुसलमान सुलतानाच्या राज्यात राहून पोर्तुगीज कॅथलिकांशी भांडणारा गोमंतकीय बिशप! यावर अजून सिनेमा कसा आला नाही, मला कळत नाही. भांडण आयुष्यभर चाललं आणि १६७७ मध्ये तो रोममध्येच वारला. घरच्यांना ओलांडून वरून पत्र आणता येतं. पण परत आल्यावर राहायचं घरच्यांतच असतं.

आता ज्यांच्यासाठी हा भाग करावासा वाटला त्या. पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात: शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण. पण १८८३ च्या रमाबाई डोळ्यांसमोर आणा. वय पंचवीस. नवरा वर्षभरापूर्वी गेलेला. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. त्यांना इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. ओळख होती पुण्यातल्या अँग्लिकन सिस्टरांची, ज्यांचा मूळ मठ इंग्लंडमधल्या वाँटेज गावात. पत्र तिथलं मिळणार होतं.

आणि इथे रमाबाईंनी जे केलं ते मला फार आवडतं. तिकिटाचे पैसे त्यांनी कोणाकडे मागितले नाहीत. 'स्त्रीधर्मनीति' हे स्वतःचं पुस्तक विकून उभे केले. आणि वाँटेजच्या मठात फुकट राहायचं नाही, हेही ठरलेलं: ज्या सिस्टर भारतात येणार त्यांना मी मराठी शिकवीन, बदल्यात माझं राहणं-खाणं. मिंधेपणा नाही, सरळ व्यवहार. आजच्या भाषेत स्कॉलरशिप नव्हे, टीचिंग असिस्टंटशिप.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं नाही. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत त्याच वर्षी वाँटेजमध्ये दगावली, तिने जीव दिला. ऐकायला कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मागे पडलं. आणि धर्म बदलणार नाही असं म्हणत निघालेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला बाप्तिस्मा घेतला. त्यांचं मन वळण्यात नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. हे गोरे म्हणजे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. ते स्वतः १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला जाऊन लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या मिशनरी कॉलेजात बसून आले होते. म्हणजे सीनिअर म्हणा ना.

मग रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. स्वतः शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्या मनात आलं, या बाईंनी पुरुषांनाही शिकवावं. लगेच लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांची हरकत आली. कारण काय, तर पुरुषांना शिकवलं हे भारतात कळलं तर तिथल्या बायकांत त्यांचं वजन राहणार नाही! रमाबाईंनी बीलबाईंना लिहिलं त्याचा मथितार्थ असा: भारतात मी पुरुषांच्या भरसभेत बोललेय, तेव्हा काही बिघडलं नाही, आणि मी काय करावं हे माझी सदसद्विवेकबुद्धी ठरवेल. ज्यांनी आसरा दिला, बाप्तिस्म्यापर्यंत नेलं, त्या सिस्टर जेराल्डिनशीही त्यांचे खटके उडाले. रमाबाईंमध्ये गर्व आहे, असं सिस्टरांचं म्हणणं. क्रॉसवर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असं रमाबाईंचं. आहार शाकाहारीच. ही पत्रं आज छापील मिळतात, आणि वाचताना सारखं वाटतं की दोघी एकमेकींवर खरंच माया करतायत आणि एकमेकींना अजिबात समजत नाहीयेत.

१८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेला गेल्या. तिथे पैसा उभा राहिला, पण त्यालाही अट: शाळेत धर्म शिकवायचा नाही. पुढे पुण्यात यावरूनच वाद पेटला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. एकदा बिशपांची अट, एकदा देणगीदारांची. शेवटी केडगावला बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मराठीत आणलं. त्याला मात्र कोणत्या कॉलेजाचा फॉर्म भरावा लागला नाही.

चला, परत छावणीत. आज आपल्या श्रोतीपुढे बिशप नाही, पण व्हिसाची खिडकी आहे. अमेरिकेचा कायदा गृहीतच धरतो की तुम्ही कायमचे राहायला चाललाय. तसं नाही, हे तुम्ही पटवून द्यायचं. आधी कॉलेजने 'आय-ट्वेंटी' हा कागद द्यायला हवा, आणि तो कॉलेज तेव्हाच देतं जेव्हा निदान पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार ते दिसतं. काही लहान बायबल कॉलेजांना परदेशी विद्यार्थी घ्यायची सरकारी परवानगीच नसते. फी भरण्याआधी, साक्ष लिहिण्याआधी, हे तपासा. मग सेविसचे ३५० डॉलर, ते व्हिसाच्या फीपेक्षा वेगळे. तिथे गेल्यावर, सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला २० तासच काम. त्यावर खर्च भागेल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आता यातला विनोद असा, की 'परत येऊन पाच वर्षं काम करीन' हा संस्थेचा जाचक वाटणारा कागद मुंबईच्या व्हिसा मुलाखतीत उपयोगीसुद्धा पडू शकतो. परत यायचं कारण लेखी हातात! म्हणून मी तिला सही कर किंवा नको असं नाही म्हणालो. म्हणालो, रमाबाईंसारखं आधी विचार. कोणतं काम? कुठे? पगार किती? मधेच लग्न झालं, बदली नको झाली, तर? तुला शिकवायचं असेल आणि ते म्हणाले फक्त महिला मंडळ बघ, तर? हे सगळं त्याच कागदावर येऊ दे.

आणि एक, परदेश म्हणजेच शिक्षण असं नाही, हेही म्हणालो. बंगालमधल्या सेरामपूरला डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदवी द्यायची सनद दिलीय, ती आजही चालते. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ पर्यंत ती यवतमाळला होती. आणि छावणीपासून साठेक किलोमीटरवर जालना. तिथे काम केलेले नारायण शेषाद्री हेही विल्सनांचेच विद्यार्थी. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा, म्हणजे धनजीभाई बोटीत बसले त्याच वर्षीचा. हे मात्र मुंबईतच शिकले. आणि १८७३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते विद्यार्थी म्हणून नाही, जागतिक परिषदेत वक्ते म्हणून.

काल रात्री तिची दुसरी नोट आली. तिने प्रश्न लिहून दिलेत. संस्थेने कमिटी बोलावलीय, रविवारी, उपासनेनंतर. कॉलेजची मुदत त्यानंतर नऊ दिवसांनी संपते. काय झालं ते ती कळवणार आहे.

पुढच्या भागात जालन्याला जाऊ. शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवलेलं 'बेथेल' गाव बघायचंय. तुमच्या घरी, गावात त्याबद्दल कोणी काही सांगत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. बाजाराचा आवाज आला तरी चालेल.